लिनक्सचा टेक्स्ट कन्सोल भलत्याच मॉनिटरवर येतोय? आधी फ्रेमबफर मोजा

दोन मॉनिटर जोडलेल्या लिनक्स मशीनवर ही तक्रार हमखास येते. डेस्कटॉप व्यवस्थित असतो, डावा-उजवा बरोबर, रिझोल्यूशन बरोबर. पण बूट होतानाच्या ओळी, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्डची विचारणा, आणि कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबल्यावर येणारं काळं लॉगिन हे सगळं नको त्या पडद्यावर उमटतं. कधी उभ्या लावलेल्या मॉनिटरवर आडवं पडलेलं, कधी हॉलमधल्या टीव्हीवर, कधी झाकण मिटलेल्या लॅपटॉपच्या आत. काही वेळा ते दोन्हीकडे दिसतं, पण मोठ्या मॉनिटरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कोंबलेलं.

उपाय शोधायला गेलं की दोन कर्नल पॅरामीटर, म्हणजे बूट होताना लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) द्यायच्या सूचना, हाती लागतात. एक ‘एफबीकॉन=मॅप:१’ आणि दुसरा ‘व्हिडिओ=’ने सुरू होणारा. एकाला पहिल्याचा गुण येतो, दुसऱ्याला दुसऱ्याचा, आणि तिसरा माणूस दोन्ही टाकूनही जैसे थे. औषधं दोन्ही अस्सल आहेत, पण दुखणी वेगळी आहेत. आपलं दुखणं कोणतं हे न बघता पॅरामीटर चिकटवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कमांडबद्दल एवढं लक्षात ठेवा. कमांड, फाइलींचे पत्ते आणि पोर्टची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमनमध्येच द्यायची. कमांड आणि पत्ते स्मॉलमध्ये, पोर्टची नावं कॅपिटलमध्ये: एचडीएमआय-ए-१, डीपी-१. अपवाद ईडीपी-१चा, त्यातला पहिला ई स्मॉल; आणि टीटीवायएस०चा, त्यातला एस कॅपिटल. सिस्टिमडीच्या ‘बिफोर’ आणि ‘वाँटेडबाय’मध्ये प्रत्येक इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. रिझोल्यूशनमधल्या × च्या जागी स्मॉल एक्स.

डेस्कटॉपचं सेटिंग इथे का चालत नाही

ग्नोम किंवा केडीईच्या सेटिंगमध्ये जाऊन एखादा मॉनिटर ‘प्रायमरी’ केला की ती नोंद तुमच्या होम डिरेक्टरीतल्या एका फाइलीत जाते. कर्नल ती फाइल वाचत नाही. कन्सोल रंगवायचं काम डेस्कटॉप सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं, आणि ते चालतं कर्नलच्या आत, एफबीकॉन नावाच्या भागाकडून.

बटण दाबल्यापासून पडदा तीन हातांतून जातो. पहिला हात फर्मवेअरचा, म्हणजे ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो त्याचा. मशीनच्या कंपनीचा लोगो आणि ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू कुठे दिसेल हे तो ठरवतो. इथे लिनक्सचं काहीही चालत नाही. बायोसमध्ये ‘प्रायमरी डिस्प्ले’ अशा अर्थाचं सेटिंग असेल तर ते बदला, नाहीतर केबलींची अदलाबदल करून बघा. ग्रबचाच मेनू चुकीच्या मॉनिटरवर येत असेल, तर पुढच्या एकाही उपायाने तो हलणार नाही.

दुसरा हात तात्पुरता. फर्मवेअरने जो पडदा चालू करून ठेवला आहे, त्याच्यावरच कर्नल सुरुवातीच्या ओळी छापतो. जुन्या कर्नलमध्ये हे काम ईएफआयएफबी करायचा, आता बऱ्याच वितरणांत सिंपलडीआरएम करतो. मग काही क्षणांत ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे आय९१५, एएमडीजीपीयू, नूवो यांच्यापैकी कोणीतरी, येऊन पडदा ताब्यात घेतो. स्क्रीन एकदा लुकलुकते आणि अक्षरं अचानक बारीक होतात तो हाच क्षण. आपल्या हातात जे काही आहे ते या तिसऱ्या टप्प्यापासून.

आधी मोजा

मशीन नेहमीसारखं चालू असताना ही कमांड द्या:

कॅट /प्रॉक/एफबी

फ्रेमबफर म्हणजे पडद्यावर काय दिसावं ते साठवणारा मेमरीचा तुकडा. उत्तरात जितक्या ओळी, तितके फ्रेमबफर. फक्त ‘० आय९१५डीआरएमएफबी’ आलं तर फ्रेमबफर एक. त्याखाली ‘१ एएमडीजीपीयूडीआरएमएफबी’ अशी दुसरी ओळ असेल तर दोन. कधी ‘सिंपलडीआरएमडीआरएमएफबी’ असं डीआरएम दोनदा आलेलं नाव दिसतं. ते नाव तसंच आहे, पण बूट पूर्ण झाल्यावरही तेच टिकून असेल तर खरा ड्रायव्हर आलाच नाही असं समजा आणि आधी तो प्रश्न सोडवा.

मेख आहे ती इथेच. फ्रेमबफर मॉनिटरमागे एक नसतो, तो ग्राफिक्स चिपमागे एक असतो. एकाच कार्डाला तीन मॉनिटर लावले तरी कर्नलच्या कन्सोलसाठी फ्रेमबफर एकच, आणि तोच तिन्हीवर दाखवला जातो. त्यामुळे ज्याच्याकडे एकच फ्रेमबफर आहे त्याने ‘एफबीकॉन=मॅप:१’ टाकलं, तर कर्नल अस्तित्वात नसलेल्या फ्रेमबफरची वाट बघत बसतो आणि कन्सोल कुठेच येत नाही. मशीन आत चालू असतं, नेटवर्कवरून लॉगिनही होतं, पण पडद्यावर अंधार. कर्नलच्या दस्तऐवजात हे वागणं नोंदवलेलंच आहे; कन्सोलने फ्रेमबफरचा ताबा घेऊ नये म्हणून काही जण ते मुद्दाम वापरतात.

दुसरी कमांड:

ग्रेप . /सिस/क्लास/डीआरएम/*/स्टेटस

यात प्रत्येक पोर्टचं नाव आणि त्यापुढे ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’ येतं. नाव ‘कार्ड१-एचडीएमआय-ए-१’ अशा धर्तीचं असतं. पुढचं ‘कार्ड१’ म्हणजे कोणती ग्राफिक्स चिप, आणि उरलेलं ‘एचडीएमआय-ए-१’ म्हणजे पोर्ट. चिप एकच असून ‘कार्ड०’ऐवजी ‘कार्ड१’ दिसलं तर घाबरू नका. शून्य क्रमांक सुरुवातीला सिंपलडीआरएमने घेतलेला असतो.

कोणतं नाव कोणत्या मॉनिटरचं हे कळायला सगळ्यात सोपा मार्ग: एक केबल उपसा, कमांड पुन्हा द्या, जे ‘डिसकनेक्टेड’ झालं ते त्या केबलचं.

नाव घ्यायचं ते इथूनच. एक्सरँडर या डेस्कटॉपवरून मॉनिटर हाताळायच्या कमांडच्या यादीतून उचललेलं नाव चालेलच असं नाही. कर्नलचं एचडीएमआय-ए-१ एक्सरँडरमध्ये एचडीएमआय-१ होतं; एएमडीच्या जुन्या एक्स ड्रायव्हरमध्ये तेच एचडीएमआय-ए-० असतं, म्हणजे मोजणी शून्यापासून. कर्नलला अनोळखी नाव दिलं तर तो तक्रार करत नाही, गुपचूप सोडून देतो. ‘व्हिडिओ=’ टाकूनही काही फरक पडला नाही असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदा हेच नाव तपासतो, आणि बहुतेक वेळा पुढे काही तपासायची गरज पडत नाही.

तिसरी जागा म्हणजे डीमेसेज (टर्मिनलमध्ये डीएमईएसजी), कर्नलच्या संदेशांची नोंद दाखवणारी कमांड. त्यात ‘कन्सोल: स्विचिंग टू कलर फ्रेम बफर डिव्हाइस’ अशी एक ओळ असते आणि शेवटी दोन आकडे. हे आकडे पिक्सेलचे नसून अक्षरांचे: रुंदीत किती, उंचीत किती. नेहमीचा फॉन्ट ८×१६ पिक्सेलचा असतो, म्हणून १९२०×१०८० च्या मॉनिटरवर २४०×६७ येतं. तुमचा मुख्य मॉनिटर २५६०×१४४० चा आहे, म्हणजे ३२०×९० यायला हवं, आणि ओळीत मात्र १७०×४८ लिहिलंय. १७० ला ८ ने गुणलं तर १३६०, ४८ ला १६ ने गुणलं तर ७६८. म्हणजे कुठला तरी १३६६×७६८ चा पडदा मोजमाप ठरवतोय. जुना मॉनिटर, टीव्ही किंवा लॅपटॉपचं पॅनल. कोपऱ्यात कोंबलेल्या कन्सोलचं कारण या एका ओळीत असतं.

कायमचं लिहिण्याआधी एकदा करून बघा

कुठलाही पॅरामीटर थेट फाइलीत टाकू नका. ग्रबचा मेनू आला की ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून पॅरामीटर लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका बूटपुरता. पडदा काळा पडला तर पुन्हा सुरू करा, सगळं पूर्ववत. बूट झाल्यावर ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने पॅरामीटर खरोखर पोहोचला का ते बघा.

जमलं की मग डेबियन-उबुंटूत /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत कर्नलच्या पॅरामीटरची जी ओळ आहे तिच्या अवतरणचिन्हांच्या आत तो घाला आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. फेडोरात ग्रबी ही कमांड आहे.

फ्रेमबफर एकच असेल तर

घरच्या आणि ऑफिसच्या बहुतेक मशीनवर हीच स्थिती असते. इथे ‘कन्सोल या मॉनिटरवर दाखव’ असं कर्नलला सांगायची सोयच नाही. सांगता येतं ते उलट: ‘तो दुसरा मॉनिटर नाहीच असं समज.’

व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:डी

शेवटचा डी स्मॉल. त्याचा अर्थ हे पोर्ट बंद. कॅपिटल डीचा अर्थ वेगळा आहे, बराचसा उलटा: पोर्ट जबरदस्तीने चालू ठेव, आणि तेही डिजिटल म्हणून. एका अक्षराच्या आकाराने काम फिरतं. बंद करायची पोर्ट दोन असतील तर ‘व्हिडिओ=’ दोनदा लिहा, मध्ये जागा सोडून.

कन्सोल कोपऱ्यात का कोंबला जातो तेही इथे समजून घ्यायला हवं. एकाच चिपवर लहान-मोठे दोन मॉनिटर असले की कर्नल फ्रेमबफर मोठ्याच्या मापाने बनवतो, पण अक्षरं लिहायची जागा मात्र लहानाच्या मापाची धरतो. नाहीतर लहान मॉनिटरवर खालच्या ओळी कापल्या गेल्या असत्या. निर्णय शहाणपणाचा आहे, फक्त तुमच्या सोयीचा नाही. लहान मॉनिटरचं पोर्ट बंद केलं की मोठ्यावर पूर्ण जागा मिळते. दोन्हीकडे कन्सोल हवाच असेल आणि दोघांनाही समान रिझोल्यूशन झेपत असेल, तर बंद न करता दोघांनाही तेच द्या: ‘व्हिडिओ=डीपी-१:१९२०×१०८०@६०’ आणि तसंच दुसऱ्या पोर्टसाठी.

कधीकधी लहान मॉनिटर जोडलेलाच नसतो. ॲटम किंवा तत्सम जुन्या छोट्या बोर्डवर लॅपटॉप-पॅनलसाठीचं एलव्हीडीएस पोर्ट कागदोपत्री असतं, फर्मवेअर ते जोडलेलं आहे असं सांगतो, आणि कर्नल बिचारा त्या भुताला १०२४×७६८ चा पडदा समजून सगळा कन्सोल १२८×४८ मध्ये बसवतो. हा प्रकार इतका नेहमीचा होता की इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरच्या सोर्समध्ये अशा मशीनची यादीच आहे. इंटेलचे डी५१०एमओ आणि डी५२५एमडब्ल्यू बोर्ड, असुसचा ईईईबॉक्स, ॲपलच्या मॅक मिनीच्या दोन पिढ्या त्यात सापडतात. तुमचं मशीन यादीत नसेल तर ‘व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी’ हा हातचा उपाय. सरकारी लिलावातून किंवा जुन्या बाजारातून आलेला छोटा संगणक घरचा सर्व्हर म्हणून लावताना हे आठवणीत ठेवा.

स्क्रीन फुटलेला लॅपटॉप बाहेरच्या मॉनिटरवर चालवणाऱ्यांनाही हेच लागतं, ‘व्हिडिओ=ईडीपी-१:डी’. फार जुना लॅपटॉप असेल तर ईडीपीच्या जागी एलव्हीडीएस. झाकण मिटल्याने काम होत नाही. झाकणाकडे लक्ष असतं ते डेस्कटॉपचं आणि सिस्टिमडीचं, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचं. एफबीकॉनच्या दृष्टीने मिटलेलं पॅनलही जोडलेलंच.

आता याची किंमत. असं बंद केलेलं पोर्ट डेस्कटॉपलाही बंदच दिसतं. ग्नोमच्या सेटिंगमध्ये तो मॉनिटर यादीतही येत नाही. फुटक्या पॅनलसाठी हे उत्तम, पण धडधाकट दुसऱ्या मॉनिटरसाठी परवडणारं नाही. म्हणून बूट झाल्यावर त्याला परत आणायचं:

एको डिटेक्ट | सुडो टी /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड*-एचडीएमआय-ए-१/स्टेटस

‘सुडो एको’ लिहून पुढे बाणाने फाइलीत ढकलायला जाऊ नका. सुडोचा अधिकार एकोला मिळतो, बाणाला नाही, आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं. कार्डच्या पुढे तारा ठेवलाय तो कार्डाचा क्रमांक बदलला तरी कमांड चालावी म्हणून.

हे रोज हाताने करायचं नसेल तर सिस्टिमडीची एक छोटी सर्व्हिस लिहा. प्रकार वनशॉट, वरची कमांड एसएच -सी च्या आत आणि सुडोशिवाय, ‘बिफोर’मध्ये डिस्प्ले-मॅनेजर.सर्व्हिस, आणि ‘वाँटेडबाय’मध्ये ग्राफिकल.टार्गेट. एसएच -सी गाळलं तर सिस्टिमडी ताऱ्याचा विस्तार करत नाही. मग बूटच्या ओळी आणि डिस्कचा पासवर्ड एका मॉनिटरवर, आणि लॉगिनचा पडदा येईपर्यंत दुसराही हजर. मात्र त्यानंतर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबलंत तर कन्सोल पुन्हा दोन्हीकडे दिसेल, कारण तोवर कर्नलच्या लेखी दोन्ही जोडलेले आहेत. ज्यांना खरी अडचण पासवर्डच्या पडद्याची आहे त्यांना एवढं पुरतं. ज्यांना चालू मशीनवरही कन्सोल एकाच ठिकाणी हवा आहे त्यांनी कन्सोलवर जाऊन ‘डिटेक्ट’च्या जागी ‘ऑफ’ लिहावं. रीबूट न करता पोर्ट बंद होतं, त्यामुळे पॅरामीटर टाकण्याआधीची चाचणी म्हणूनही हे सोयीचं.

उभ्या मॉनिटरचं सांगायचं तर ‘एफबीकॉन=रोटेट:१’ने अक्षरं घड्याळाच्या दिशेने ९० अंशांत वळतात, ३ दिलं तर उलट दिशेने. पण फ्रेमबफर एकच असल्याने दोन्ही मॉनिटरवर वळतात. एक उभा, एक आडवा असेल तर उभ्याचं पोर्ट बूटपुरतं बंद ठेवणंच बरं. मी माझ्या टेबलावर तेच केलंय.

एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे

कुठल्याही सेटिंगला हात लावलेला नाही, आणि तरी कन्सोल आज डावीकडे, उद्या उजवीकडे. हा प्रकार जास्त छळतो, आणि डिस्प्लेपोर्टवरच्या मॉनिटरशी त्याचा बहुतेकदा संबंध असतो. बरेच डिस्प्लेपोर्ट मॉनिटर झोपेतून उठायला वेळ घेतात, आणि काही तर बटणाने बंद केले की केबल उपसल्यासारखे गायब होतात. ड्रायव्हर सुरू होतो त्या क्षणी मॉनिटर जागा असेल तर कन्सोल त्याच्यावर येतो. नसेल तर जो कोणी जागा आहे त्याच्यावर.

त्यातच आणखी एक पेच. ड्रायव्हर सुरू होताना फक्त लहान मॉनिटर जागा असेल, तर फ्रेमबफर त्याच्या मापाचा बनतो. मागून मोठा जागा झाला की कन्सोल त्याच्यावरही येतो, पण फ्रेमबफर काही वाढत नाही.

उपाय म्हणजे त्या पोर्टवर मॉनिटर आहेच असं कर्नलला ठणकावून सांगायचं:

व्हिडिओ=डीपी-१:२५६०×१४४०@६०ई

शेवटचा ई म्हणजे जबरदस्तीने चालू. रिझोल्यूशन न देता नुसता ई दिला तर झोपलेल्या मॉनिटरकडून माहिती मिळत नाही आणि कर्नल १०२४×७६८ वर समाधान मानतो, म्हणून आकडे द्याच. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘डीप स्लीप’ किंवा तशा नावाचं काही असेल तर तेही बंद करून बघा. कधी तेवढ्यानेच भागतं आणि कर्नलला सांगायची वेळ येत नाही.

फ्रेमबफर दोन असतील तर

प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि वेगळं कार्ड दोन्ही चालू, किंवा दोन चिपवाला गेमिंग लॅपटॉप. अशा अनेक लॅपटॉपवर आतलं पॅनल प्रोसेसरच्या चिपला आणि एचडीएमआयचं भोक दुसऱ्या चिपला जोडलेलं असतं. कन्सोल डीफॉल्टने एकाच फ्रेमबफरवर जातो, त्यामुळे झाकण मिटून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणाऱ्याला बूट होताना काहीच दिसत नाही. इथे मात्र ‘एफबीकॉन=मॅप:१’ चोख काम करतो: सगळे कन्सोल दुसऱ्या फ्रेमबफरवर.

मॅपनंतरचा आकडा हा एक आकडा नसून मालिका आहे हे कमी जणांना माहीत असतं. ‘मॅप:०१’ दिलं तर टीटीवाय१ (म्हणजे पहिला कन्सोल; कंट्रोल-आल्ट-एफ३ने येतो तो टीटीवाय३) पहिल्या फ्रेमबफरवर, टीटीवाय२ दुसऱ्यावर, टीटीवाय३ पुन्हा पहिल्यावर, असं चक्र ६४ कन्सोलपर्यंत फिरत राहतं. ‘मॅप:१०’ म्हणजे तेच, पण सुरुवात दुसऱ्यापासून. रास्पबेरी पायला साडेतीन इंची एसपीआय पडदा लावणाऱ्यांनी ही मालिका नक्की पाहिलेली असते, कारण तो छोटा पडदा एफबी१, म्हणजे दुसरा फ्रेमबफर, म्हणून येतो. मोठ्या मशीनवरही ती उपयोगी आहे. लॉगचा टीटीवाय एका मॉनिटरवर आणि कामाचा दुसऱ्यावर उघडायचा, फक्त टीटीवाय बदलून.

रीबूट न करता बदलायचं असेल तर कॉन२एफबीमॅप नावाची छोटी कमांड आहे. डेबियन-उबुंटूत ती एफबीसेट पॅकेजबरोबर येते. ‘सुडो कॉन२एफबीमॅप १ १’ म्हणजे टीटीवाय१ ला एफबी१ वर न्या. दोन्ही आकड्यांचा क्रम लक्षात ठेवा: आधी कन्सोल, मग फ्रेमबफर. जुन्या मॉनिटरवर शेवटचा मजकूर गोठून राहिला तर तो जिवंत कन्सोल समजू नका.

आता दोन चिपवाल्यांचं खरं दुखणं. कोणती चिप एफबी० होईल हे ड्रायव्हर कोणत्या क्रमाने चढले यावर ठरतं, आणि तो क्रम प्रत्येक बूटला सारखाच असेल याची खात्री कोणी दिलेली नाही. कर्नल अपडेट झाल्यावर अचानक उलटं झालं, असं म्हणणाऱ्यांचं कारण बरेचदा हे. पोर्टची नावंही याच क्रमावर ठरतात. एचडीएमआय-ए-१ आणि एचडीएमआय-ए-२ हे क्रमांक सगळ्या कार्डांत मिळून दिले जातात, प्रत्येक कार्डाला एकपासून नव्याने नव्हे. म्हणून क्रम फिरला की काल बरोबर असलेलं ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:डी’ आज दुसऱ्याच मॉनिटरचा गळा धरतं.

क्रम पक्का करायला /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक कॉन्फ फाइल करून ‘सॉफ्टडेप एएमडीजीपीयू प्री: आय९१५’ अशी ओळ लिहा, म्हणजे एएमडीच्या आधी इंटेलचा ड्रायव्हर चढेल. त्यानंतर इनिटरॅमएफएस, म्हणजे मूळ डिस्क उघडण्याआधी मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम, नव्याने बांधा, उबुंटूत ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरात ड्राकट. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर हे टाळून चालणार नाही, कारण पासवर्ड विचारला जातो तो इनिटरॅमएफएसमधूनच, आणि मूळ डिस्कवरची तुमची फाइल त्या वेळी कुलपाआड असते. क्रम पक्का झाला की मगच मॅप किंवा व्हिडिओ पॅरामीटर ठरवा.

दुसरी चिप वापरतच नसाल तर एवढा खटाटोप कशाला? बायोसमध्ये ती बंद करा.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर

हा गडी बराच काळ वेगळ्या वाटेने चालला. तो कर्नलला फ्रेमबफर देतच नसे, म्हणून कन्सोल फर्मवेअरने ठरवलेल्या पडद्यावरच, फर्मवेअरच्याच रिझोल्यूशनमध्ये अडकून राहायचा. तिथे ना मॅप चालायचा, ना व्हिडिओ. ५४५ मालिकेपासून ‘एनव्हिडिया-डीआरएम.एफबीडेव्ह=१’ हा पर्याय आला. त्याच्या जोडीला ‘एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१’ लागतो. आधी /प्रॉक/एफबीमध्ये ‘एनव्हिडिया-डीआरएमडीआरएमएफबी’ दिसतंय का बघा. दिसत असेल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू. नसेल, आणि ड्रायव्हर जुना ठेवणं भाग असेल, तर उपाय फक्त बायोसचा आणि केबलींच्या अदलाबदलीचा.

रास्पबेरी पाय

पाय ४ आणि ५ वर एचडीएमआयची दोन छोटी पोर्ट आहेत. पायवर ग्रब नाही, पॅरामीटर /बूट/फर्मवेअर/सीएमडीलाइन.टीएक्सटी या फाइलीत जातात, जुन्या आवृत्त्यांत थेट /बूट मध्ये. ही फाइल एकाच ओळीची असायला हवी. सवयीने एंटर दाबून पॅरामीटर खालच्या ओळीवर लिहिला तर तो वाचलाच जात नाही. पाय ४ वर वीज जोडायच्या यूएसबी-सी भोकाच्या शेजारचं पोर्ट एचडीएमआय-ए-१. मेमरी कार्ड दुसऱ्या संगणकात घालून फाइल सुधारता येते, त्यामुळे इथे प्रयोग करायला भीती नाही.

‘कन्सोल=’ने मॉनिटर बदलत नाही

नाव बघून अनेक जण ‘कन्सोल=टीटीवाय१’ किंवा ‘कन्सोल=टीटीवाय२’ टाकून बघतात. या पॅरामीटरचा मॉनिटरशी संबंध नाही. कर्नलचे संदेश कोणत्या टीटीवायवर किंवा सिरियल पोर्टवर जावेत एवढंच तो सांगतो, आणि एकाहून जास्त दिले तर शेवटचा /डेव्ह/कन्सोल ठरतो. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर ‘कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ अशी जोडी असते. त्यामुळे सिस्टिमडीच्या सेवांचे संदेश सिरियलवर जातात आणि मॉनिटरवर बूट अर्धवट थांबल्यासारखं वाटतं. मॉनिटरवर ते हवे असतील तर जोडीचा क्रम उलटा करा.

सर्व्हरवर आणखी एक गोष्ट तपासा. दूरस्थ व्यवस्थापनाच्या चिपमध्ये, बहुतेकदा अ‍ॅस्पीडच्या, स्वतःचं साधं ग्राफिक्स असतं आणि त्याचा एएसटी ड्रायव्हर वेगळा फ्रेमबफर देतो. अशा सर्व्हरमध्ये एएमडीचं कार्ड घालून त्याला मॉनिटर जोडला की ब्राउझरमधून दिसणारा कन्सोल बूटच्या मध्येच थिजू शकतो, कारण अक्षरं आता त्या कार्डावर जात असतात. मशीन अडकलंय असं समजून वीज तोडू नका. नेटवर्कवरून शिरा, /प्रॉक/एफबीमध्ये एएसटीडीआरएमएफबीचा क्रमांक बघा आणि तोच मॅपमध्ये द्या.